काटा दहाच्या पटीत दाखवतो

जालन्याच्या एमआयडीसीत
भंगाराच्या गाड्या जिथं तोलल्या जातात
तिथल्या पत्र्याच्या केबिनमध्ये मी बसते.
भरलेली गाडी. रिकामी गाडी. वजाबाकी.
पावती फाडायची, शिक्का मारायचा,
आणि डाव्या कानात, ओढणीच्या आत,
एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत असतो.

उजवा कान कामाचा. तो मालकाचा आहे.

आईनं एकदाच ऐकलं, भाकरी थापता थापता.
पिठाच्या हातानं वायर कानाला लावली,
दहा सेकंद थांबली, म्हणाली,
"अगं, ह्याला कुणी पाणी तरी दिलं का?"
आणि तव्याकडं वळली.
मी खूप हसले. रात्री वाटलं,
हे गाणं इतकं नीट अजून कुणी ऐकलेलंच नाही.

कसं सांगू काय असतं त्यात.
आमच्या घरात बोलायची रीत अशी:
काय झालं? काही नाही.
रडायलीस काय? कांदा चिरायले.
ह्या सगळ्या 'काही नाही'च्या खाली
दोन्ही पायांनी बडवलेला ढोल,
तारा सैल सोडून खर्जाच्याही खाली उतरवलेली गिटार,
आणि कुणीतरी गळा सोलून म्हणतंय:
आहे. आहे. काहीतरी आहे.

मीनाक्षीला पाठवलं तर तिनं हसरी तोंडं पाठवली,
ओळीनं सात.
मावसभाऊ सोपान म्हणाला,
त्यापेक्षा रोलिंग मिलमध्ये जाऊन बस की, फुकटात.
त्याचं चुकलं नव्हतं. मी बसलेय.
लालभडक सळई रुळांवरून सुटते
तेव्हा अगदी चौथं गाणं सुरू झाल्यासारखं वाटतं.
फक्त कुठं थांबायचं ते मिलला कळत नाही.

मागच्या वैशाखात परतूरचं स्थळ आलं.
कागदावर लिहिलेलं: छंद, गाणी ऐकणे.
मुलानं विचारलं, कोणती?
म्हटलं, जुनी.
खोटं नव्हतं. माझ्या जन्माआधी नऊ वर्षांची होती ती.
तो म्हणाला, मलाही जुनीच आवडतात,
आणि काहीतरी गुणगुणला, हळूच. गळा बरा होता.
मी कपबश्या उचलल्या.

काळे कपडे संक्रांतीला चालतात.
तो एक दिवस मी कुणालाच खटकत नाही.

मग तो मंगळवार.
इअरफोनचं चार्जिंग संपलं
आणि फोननं आपल्याच मनानं
केबिनवरचा भोंगा धरला,
'गाडी मागं घ्या'वाला.
अख्ख्या यार्डात. सव्वा मिनिट.
इलियासचाचांनी गॅसकटर बंद केला.
जेवत बसलेले हमाल डब्यासकट उभे राहिले.
माझ्या हाताला बटण सापडेना,
आणि खरं सांगू? हात फार शोधतही नव्हता.

चाचा खिडकीशी आले.
"बेटी, किसका बेअरिंग गया?"

रायपूरच्या गाडीचा क्लीनर, सोळा-सतराचा पोरगा,
फाळक्यावर बोटं आपटत होता.
ताल चुकत होता त्याचा.
पण गाणं थांबल्यावरही दोनदा आपटली त्यानं,
मग तिसऱ्यांदा.
माझ्याकडं बघितलं नाही.
पावती क्रमांक चार हजार एकशे बारा,
निव्वळ माल एकोणीस टन सहाशे चाळीस,
गाडी मंठ्याच्या रस्त्याला लागली.

संध्याकाळी गाड्या संपल्या की
मी कधीकधी काट्यावर उभी राहते,
एवढ्या मोठ्या लोखंडी फळीवर एकटी.
दवाखान्यात मी त्रेपन्न भरते.
इथं पन्नास.
हा काटा दहाच्या पटीत दाखवतो,
वरचे तीन किलो त्याच्या गावीच नसतात.
लांबून चाचा ओरडतात, "कितना?"
मी म्हणते, पन्नास.
"कम है बेटी. खाया कर."